लाखोडीचं विष, मक्याची बुरशी आणि आपलं ताट



गेल्या फाल्गुनात आमच्या गावच्या बचत गटांची बैठक समाजमंदिरात भरली होती. विषय साधा होता. गटांनी मिळून डाळ भरडायची, बेसन काढायचं आणि आठवडी बाजारात विकायचं. सगळ्या जणी राजी होत्या. हिशेब मांडताना एकीनं सुचवलं, "हरभरा महाग पडतो. त्यात थोडी लाखोडी दळली तर काय बिघडलं? घरोघरी पडलीच आहे." लगेच दुसरी उठली. ती बारावी शिकलेली, नवीनच सून म्हणून आलेली. म्हणाली, "लाखोडीवर सरकारनं बंदी घातली होती. तिनं माणसं लंगडी होतात. विष आहे ते." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आजी हसल्या. "आमी त जनमभर लाखोरीच खाल्ली, बाई. माह्ये पाय पाहा. अजूनही रोवण्याले जातो."

त्या दिवशी ठराव झाला नाही. आम्ही समन्वयक घरी आलो ते हाच प्रश्न घेऊन. सून खोटं बोलत नव्हती आणि आजीचे पाय तर सगळ्यांना दिसत होते. मग दोघींचं बोलणं एकाच वेळी खरं कसं? हे शोधता शोधता आम्ही पावणेदोनशे वर्षं मागे गेलो, आणि लाखोडीबरोबर मक्याचीही एक गोष्ट हाती लागली. तीच आज तुम्हाला सांगतो.

लाखोडी म्हणजे काय हे भंडारा जिल्ह्यातल्या बाईला सांगायला नको. कोणी लाखोळी म्हणतं, कोणी लाखोरी, कोणी नुसतं लाख. छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात आणि बिहारकडे खेसारी. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच बी फोकून द्यायचं. यालाच आपण उतेरा म्हणतो. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान निघून जातं आणि खाली हिरवा गालिचा उरतो. कोवळी पानं खुडून भाजी करायची, काही वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची. दाण्याची डाळ, डाळीचे वडे, पिठाचा झुणका. राहिलेलं कुटार गुरांना. दाण्यात शंभराला पंचवीस ते तीस भाग प्रथिनं असतात. तुरीपेक्षाही जास्त. ज्या जमिनीत धानानंतर दुसरं काहीच धड येत नाही, तिथे हे पीक येतं. पाऊस कमी झाला तरी येतं, जास्त झाला तरी तग धरतं.

तिचा हाच गुण पुढे माणसाच्या मुळावर आला. ते कसं, ते ऐका.

ठगांचा बंदोबस्त करणारे इंग्रज अधिकारी स्लीमन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जबलपूर-सागर भागात त्यांनी बरीच वर्षं काढली. १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी सागर भागातल्या गावांची हकिकत लिहून ठेवली आहे. १८२९ साली तिथे गारपिटीनं गहू झोपला. १८३० साली वेळेवर पाऊस आला नाही. १८३१ साली उभ्या पिकावर रोग पडला. तीन वर्षं ओळीनं गहू गेला, पण तिवरा मात्र जोमानं आला. लोकांनी तोच खाल्ला. दुसरं होतं काय? १८३३ पासून त्याचे परिणाम दिसू लागले. चांगल्या धडधाकट तरुण माणसांच्या कमरेखालची ताकद गेली. रात्री निजलेला माणूस सकाळी उठला तो पाय ताठ झालेले, अशी उदाहरणं स्लीमन देतात. गेलेले पाय परत आले नाहीत.

या आजाराला पुढे 'लॅथिरिझम' असं नाव पडलं. लाखोडीचं शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस, त्यावरून. हे नाव १८७३ साली इटलीतल्या नेपल्सच्या कान्तानी नावाच्या डॉक्टरांनी दिलं. म्हणजे आजार काही आपल्याच मुलखातला नव्हता. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकनं १६७१ सालीच पावात या डाळीचं पीठ घालायला बंदी केली होती. १८११-१२ साली स्पेनच्या माद्रिद शहरात दुष्काळ पडला, तेव्हा गोया नावाच्या मोठ्या चित्रकारानं एक चित्र काढलं. त्यात भुकेली माणसं याच डाळीच्या पिठाची लापशी घेताना दिसतात, आणि तिथेच एक बाई जमिनीवर पडलेली आहे. तिचे पाय गेलेले आहेत.

आजार कसा असतो, तेही समजून घेऊ. पायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंवर विषाचा मारा होतो. पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांना घासतात, टाच टेकत नाही. माणूस चवड्यावर, काठीच्या आधारानं, पाय कात्रीसारखे टाकत चालतो. हात शाबूत, डोकं शाबूत, भूकही शाबूत. मरण येत नाही, पण मजुरी जाते. ज्याचं पोट हातापायावर, त्याला याहून मोठी शिक्षा नाही. आजार जास्त करून तरुण पुरुषांना होतो. बायांना कमी होतो, पण लंगडा झालेला कर्ता पुरुष घरात बसला की ओझं कोणाच्या डोक्यावर येतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता बारकाईनं ऐका. हा आजार वाटीभर डाळ खाऊन होत नाही. दोन-तीन महिने सतत, पोटाचा मोठा भाग लाखोडीनंच भरावा लागला तर होतो. मग इतकी लाखोडी रोज कोण खाईल? ज्याला दुसरं मिळतच नाही तो. मध्य प्रदेशातल्या रेवा भागात बांधील मजूर होते. मालकाच्या शेतात राबायचं आणि मजुरी म्हणून धान्य घ्यायचं. ते धान्य बहुतेक वेळा खेसारी असायचं. मालक गहू-तांदूळ खायचा, मजूर खेसारीच्या भाकरी. लंगडेपण मजुराच्या घरात आलं, मालकाच्या वाड्यात आलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, आजच्या युक्रेनमधल्या वापनियार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घातली. शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्यांच्यातलेच एक कैदी, डॉक्टर आर्थर केस्लर, यांनी हा आजार ओळखला. सागर, रेवा, माद्रिद, वापनियार्का. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण ताटात दुसरं काही नसणं हे सगळीकडे सारखं.

स्वातंत्र्यानंतर रेवा भागातल्या रुग्णांच्या पाहण्या झाल्या आणि १९६१ साली केंद्र सरकारनं अन्नभेसळ कायद्याखाली खेसारीच्या विक्रीवर बंदी आणली. बंदी विक्रीला होती, पेरणीला नव्हती. काही राज्यांनी ती लागू केली, काहींनी केली नाही. महाराष्ट्रानं केली. मग आपल्याकडे काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. उतेऱ्याला दुसरं पीक नाही, म्हणून लोक पेरतच राहिले. घरी खातच राहिले. पण विकायला काढली की ती चोरीचा माल. व्यापारी पडेल भाव द्यायचा, 'ढोरांचं खाद्य' म्हणून उचलायचा आणि तीच डाळ पुढे तुरीत किंवा बेसनात मिसळली जायची. बंदीनं लाखोडी थांबली नाही, तिचं नाव मात्र लपलं. पिकवणारीला भाव मिळाला नाही आणि शहरात खाणारीला आपण काय खातो ते कळलं नाही.

बंदीनंतर तीनच वर्षांनी खरा शोध लागला. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी लाखोडीच्या दाण्यातलं विष वेगळं काढून दाखवलं. त्याच वर्षी दिल्लीतही दुसऱ्या शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. त्याचं लांबलचक नाव आपल्याला नको, सगळे त्याला 'ओडॅप' म्हणतात. ते पाण्यात विरघळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी मग दाखवून दिलं, की लाखोडी गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिलं तर विषाचा मोठा भाग निघून जातो. पण त्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात. शिवाय भुकेल्या घरात, सरपण नसलेल्या चुलीवर, एवढं पाणी उकळून फेकणार कोण? म्हणून काही शास्त्रज्ञांनी दुसरा विचार केला. पाणी फेकण्यापेक्षा दाण्यातच विष कमी असलं तर?

इथे आपण थोडा वेळ मक्याकडे वळू. धान्यातल्या विषावर बियाण्यातून उपाय शोधायचा, हा प्रश्न मक्यातही आला. आणि मका आता आपल्याला परका नाही. उन्हाळी धानाऐवजी मका लावणारे शेतकरी आपल्याकडेही दिसतात आणि गटाच्या कोंबड्यांचं खाद्य तर मक्याचंच असतं.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी अचानक पटापट मेले. सुमारे एक लाख पक्षी गेले. आजार कळेना. शेवटी सापडलं, की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेत बुरशी होती आणि त्या बुरशीनं विष तयार केलं होतं. बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. त्यावरून विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

पक्ष्यांचं झालं. माणसांची पाळी १९७४ साली आली, आणि ती आपल्याच देशात. राजस्थानचा बांसवाडा जिल्हा आणि त्याला लागून गुजरातचा पंचमहाल. वस्ती बहुतेक भिल्ल आदिवासींची, आणि जेवण म्हणजे मका. त्या वर्षी आधी पावसानं ताण दिला आणि नेमकी कणसं काढायच्या वेळी अवकाळी पाऊस आला. ओला मका घरात गेला, त्याला बुरशी धरली. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागलं. दोनशेहून जास्त गावांत ३९७ माणसं आजारी पडली, त्यातली १०६ दगावली. घरातली उष्टी भाकर खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जाऊन शोध घेतला, तेव्हा दोष बुरशी लागलेल्या मक्याचा निघाला. बुरशी त्या लोकांना दिसत नव्हती असं नाही. पण तो मका फेकला तर खायचं काय? लाखोडीसारखंच इथेही. विष दाण्यात होतं, आणि दुसरा दाणा घरात नव्हता.

या घटनेनंतर जगभर मक्याच्या पैदासकारांनी, म्हणजे नवी वाणं तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, हा प्रश्न हाती घेतला. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. हजारो प्रकारचा मका लावायचा, कणीस भरताना त्यात मुद्दाम सुईनं बुरशी टोचायची आणि पिकल्यावर प्रत्येक कणसातलं विष मोजायचं. ज्यात सगळ्यात कमी, ते बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. आपण मिरचीचं चांगलं फळ बघून बी राखतो, तसंच हे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात अशा निवडीतून 'एमपी ३१३ ई' नावाचा मका १९९० साली नोंदवला गेला. पुढे नायजेरियात इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर आफ्रिकेच्या हवेला मानवणारे प्रकार काढले. ज्या मक्याच्या कणसावरची पानं टोकापर्यंत घट्ट मिटलेली असतात, तिथे कीड कमी शिरते आणि किडीनं पाडलेल्या भोकातून बुरशीही कमी शिरते, हेही लक्षात आलं.

पण बुरशीला पूर्ण दाद न देणारा मका आजही नाही. बुरशी बाहेरून येते. तिच्याशी लढायची ताकद मक्यात एका गुणानं येत नाही, पुष्कळ लहान लहान गुण एकत्र यावे लागतात. त्यात पावसानं ताण दिला की चांगलं वाणही हरतं. शिवाय हे विष लाखोडीच्या विषासारखं पाण्याबरोबर जात नाही. मका उकळा, भाजा, त्याची भाकर करा, ते तसंच राहतं. म्हणून मक्याला वाणाइतकीच बाईच्या हाताची गरज आहे. कणसं ओल्या जमिनीवर न टाकणं, कडक उन्हात वाळवणं, दाताखाली कट्कन फुटेल इतका दाणा सुकल्यावरच भरणं, आणि हिरवट-पिवळी बुरशी धरलेले, फुटके, काळवंडलेले दाणे निवडून टाकणं. तो टाकलेला मका कोंबड्यांनाही घालायचा नाही. टर्कीची गोष्ट विसरू नका.

लाखोडीचं तसं नाही. तिचं विष बाहेरून येत नाही, ते झाडाचं स्वतःचंच आहे. आईकडून लेकीला नाकडोळे यावेत तसं ते बियाण्यातून पुढे जातं. म्हणून कमी विषाची झाडं निवडून त्यांचंच बी वाढवत नेणं इथे जास्त जमण्यासारखं होतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गावोगावचं बी गोळा करून तपासलं गेलं. काही बियांत शंभर भागांत दोन भागांहून जास्त विष, काहींत त्याचा दहावा हिस्साच. विष अजिबात नसलेलं बी मात्र मिळालं नाही. या निवडीतून आधी 'पुसा २४' हे वाण आलं. त्यात विष साधारण ०.२ टक्के. पण पाण्याचा ताण पडला, की तेच प्रमाण वर जायचं.

मग डॉ. एस. एल. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. पुसा २४ च्या झाडाचे बारीक तुकडे काचेच्या भांड्यात वाढवले. असं वाढवताना काही रोपं आपोआप थोडी वेगळी निघतात. त्या वेगळ्या रोपांतून कमी विषाची आणि चांगलं पिकणारी निवडत गेले. त्यातून 'रतन' आलं. हे वाण १९९७ साली प्रसारित झालं आणि त्यात विष ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. पुढे आपल्या शेजारच्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं 'प्रतीक' आणि 'महातिवडा' ही दोन वाणं दिली. त्यांतही विष ०.१ टक्क्याहून कमी. रायपूरची शेती आपल्यासारखीच, धानाची आणि उतेऱ्याची. म्हणून ती वाणं आपल्या बांधीला चालण्यासारखी आहेत.

बियाणं तयार झालं, पण कायदा होता तिथेच होता. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाख डाळीसाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, उपोषणं केली. त्यांचं म्हणणं असं, की गरिबाच्या शेतात येणारी प्रथिनांची डाळ तुम्ही गुन्हेगार ठरवली आहे. २००८ मध्ये महाराष्ट्रानं राज्यातली बंदी उठवली. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांसाठी देशातली बंदी उठवण्याची शिफारस केली. सगळ्या डॉक्टरांना ते पटलं असं नाही. दुष्काळ पडला आणि लोक पुन्हा नुसत्या याच डाळीवर आले तर काय, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल आम्हाला चुकीचा वाटत नाही. इथिओपियात १९९० नंतरच्या दशकात दुष्काळात हजारोंचे पाय याच डाळीनं गेले. पण तिथल्याच अभ्यासात हेही दिसलं, की ही डाळ इतर धान्यात मिसळून खाणाऱ्यांना धोका कितीतरी कमी होता. नुसते भाजलेले, उकडलेले किंवा कच्चे हिरवे दाणे खाऊन राहणाऱ्यांना तो जास्त होता.

आणि आपल्याकडे? गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. तिथल्या गावांत राष्ट्रीय पोषण संस्थेनं केलेली पाहणी २०१४ साली छापून आली. घरोघरी लाखोडी खाल्ली जात होती, पण थोडी थोडी, भाताबरोबर. लंगडेपणाचा आजार जवळपास आढळला नाही.

आता आमच्या आजींच्या पायांचं कोडं सुटलं. आजींनी जन्मभर लाखोडी खाल्ली, पण भातावर वाढून खाल्ली. सोबत वैनगंगेची किंवा तलावाची मासळी होती, पालेभाजी होती, तिखटात लसूण होता. भात आणि डाळ एकमेकांची उणीव भरतात. सागरच्या आणि रेव्याच्या मजुराच्या ताटात ती सोबत नव्हती. आजी खऱ्या, आणि सूनही खरीच. विष दाण्यात आहे. ते पाय नेतं की नाही, हे ताट ठरवतं.

मग कमी विषाचं वाण कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. तर ताट रिकामं व्हायची वेळ सांगून येत नाही, म्हणून. स्लीमनच्या काळी गारपीट, मग अवर्षण, मग रोग. आपल्याकडेही कधी धान पुरात जातं, कधी तुडतुड्यानं जातं. अशा वर्षी घरात काय उरतं? लाखोडी. त्या वर्षी कणगीत जे बी असेल, ते कमी विषाचं असलेलं बरं.

इथे शास्त्रज्ञांचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. लाखोडीला निळी, गुलाबी, पांढरी फुलं येतात आणि त्यांवर मधमाश्या फिरतात. माशीला धुरा कळत नाही. तुमच्या बांधीत 'रतन' आणि शेजारणीच्या बांधीत जुनी लाखोडी असेल, तर परागकण इकडचे तिकडे जातात. दोन-चार वर्षांत तुमचं 'रतन' नावापुरतं उरतं. दाणा बघून विष ओळखता येत नाही. चाखूनही कळत नाही. तीस-तीस वर्षांच्या मेहनतीनं निवडलेलं बी एका मिसळलेल्या पायलीत हरवू शकतं. घरात बी कोण निवडतं, कोण राखतं, कोण राखेत घालून ठेवतं? आपणच. म्हणजे पैदासकारांचं काम टिकवायचं की घालवायचं, हे आपल्या सुपात ठरतं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. दोन तास बोलणं झालं आणि ठराव झाला. हरभऱ्याच्या बेसनात लाखोडी मिसळायची नाही, एक चिमूटही नाही. ज्या चोरट्या मिसळीनं आपला भाव गेला, ती आपणच करायची नाही. लाखोडी विकायची तर लाखोडी म्हणूनच, आणि त्याआधी अन्न प्रशासनाच्या कार्यालयात चालू नियम विचारून. तालुका कृषी कार्यालय आणि कृषी विज्ञान केंद्राकडून कमी विषाच्या वाणाचं प्रमाणित बी मागवायचं. ते दहा ठिकाणी थोडं थोडं पेरायचं नाही. एका वाडीच्या सलग बांध्यांत पेरायचं, म्हणजे जुन्या लाखोडीपासून लांब राहील. मधल्या बांधीचं बी पुढच्या वर्षासाठी, कडेचं खायला. बियाण्याच्या मडक्याला वेगळी खूण करायची आणि नाव-साल वहीत लिहायचं. घरात डाळ शिजवायची ती गरम पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन, आणि भाताबरोबर. सलग महिनाभर कोणाच्या घरी नुसती लाखोडी शिजते आहे असं दिसलं, तर तो त्या घरचा खाजगी मामला समजायचा नाही. गटाच्या धान्य बँकेतून तिथे तांदूळ पोचवायचा.

हा शेवटचा मुद्दा सुनेनं सुचवला. आजी म्हणाल्या, "हे मात्र तू बरोबर बोललीस." मग दोघींनी मिळून ठरावावर पहिला अंगठा आणि पहिली सही केली.

धान कापणीला येईल तेव्हा आमच्या बांधीत नवं बी पडेल. तुमच्या गावात लाखोडीचं कोणतं वाण आहे, ते बी कुठून आलं आणि कोण राखतं, हे यंदाच्या बैठकीत एकदा विचारून बघा. वहीत लिहा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा ऐकायला आवडेल.